बोट ओळखता आलं नाही

२६ फेब्रुवारी

लेकीनं दिलेला फोन आज सकाळपासून मला ओळखत नाही. काचेवर अंगठा ठेवला की फोन थरथरतो आणि खाली अक्षरं येतात, 'बोट ओळखता आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.' केला प्रयत्न. पुन्हा तेच. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर उघडला, तोही उपकार केल्यासारखा.

ही म्हणाली, "अहो, आकडे टाकून उघडा की. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "जिना आहे म्हणून लिफ्ट बंद ठेवायची का?"

यावर तिनं नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. पण माझं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं आणि माझं मत पक्कं आहे. वस्तूनं जे काम करते म्हणून सांगितलं, ते तिनं करायला हवं. कामावर असताना काय बिघडलं, काय केलं, काय फरक पडला, हे रोज लिहून ठेवायची सवय होती. लिहिल्याशिवाय दोष सापडत नाही. म्हणून आजपासून लिहितो. ओघात आणखी काही आलं तर येऊ दे, वाचणारं कोण आहे!

२८ फेब्रुवारी

काच चष्म्याच्या फडक्यानं पुसली. फोन बंद करून चालू केला. नोंदवलेला अंगठा काढून टाकून नव्यानं नोंदवला. नोंदवतानाच फोन कुरकुरत होता, 'बोट नीट ठेवा, बोट उचला, पुन्हा ठेवा.' शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा मला इतक्या उठाबशा काढायला लावल्या नव्हत्या. नोंदवून झाल्यावर दोनदा उघडला, मग पुन्हा ढिम्म.

माझ्याकडे वेळ भरपूर आहे. डिसेंबरात आतड्यातली गाठ काढली तेव्हापासून घरातच असतो. गाठ साधी होती, लेकीनं रिपोर्ट वाचून सांगितलं. ती पुन्हा होऊ नये म्हणून ताकदीच्या गोळ्या चालू आहेत. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी. ताकदीच्या म्हणे! पोटात ढवळतं, तोंडाला चव नाही, जिना चढताना पाय भरून येतात. ही गोळ्या पाकिटातून काढून वाटीत घालून आणते. पाकीट मला आजवर दिसलेलं नाही. फाईल लेकीकडे असते. हल्ली दोघींनी माझे फार लाड चालवलेत.

४ मार्च

मोबाईलवाल्याकडे गेलो. बोलका माणूस आहे, हातात स्क्रू आणि तोंडात गप्पा. त्यानं वरची संरक्षक काच सोलून काढली, नवीन सॉफ्टवेअर टाकलं, स्वतःचं बोट नोंदवलं. पहिल्या फटक्यात उघडला. पुन्हा केलं, पुन्हा उघडला. मग माझा अंगठा. थरथर.

"काका, फोन ठणठणीत आहे. दुसरं बोट लावून बघा."

एकेक करून सगळी नोंदवली, लावली. एकही चाललं नाही.

"मग तुझ्याकडे बदलून मिळतं का बोट?" मी विचारलं.

तो हसला. मग माझा हात उलटा करून दिव्याखाली धरला आणि त्याचं हसू जरा ओसरलं. म्हणाला, "काका, हात फार लाल झालेत. काही लागलंय का?" मी म्हटलं, जन्मभर ग्रीस आणि रॉकेल लागलंय, आता निवृत्तीनंतर सूड उगवतंय. त्यानं माझ्याकडून काहीच घेतलं नाही. असल्या धंद्यानं याचं दुकान कसं चालणार!

७ मार्च

अदलाबदल करून बघायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. संशयित भाग काढा, चांगला बसवा. म्हणून हिचं बोट नोंदवलं. झटक्यात उघडतो. भांडी घासून आल्यावर ओल्या हातानंही उघडतो. म्हणजे फोन सुटला. दोष माझ्याकडे.

"बघ," मी हिला म्हटलं, "फोनलासुद्धा तूच आवडतेस."

हिनं माझा हात हातात घेतला. तळवा पाहिला, एकेका बोटाचं टोक स्वतःच्या बोटानं चाचपलं. मग आत गेली. थोड्या वेळानं पाणी प्यायला मी गेलो तर नळ चालू होता, खाली भांडं नव्हतं, आणि ही भिंतीकडे तोंड करून उभी होती. म्हटलं, अगं, पाणी वाया चाललंय. तिनं नळ बंद केला. गंमत केलेली हल्ली तिला कळेनाशी झाली आहे.

१३ मार्च

गोळ्यांच्या सुट्टीचा आठवडा, म्हणून आज डॉक्टर. तिथे बाहेर जे बसलेले असतात त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर टोप्या. बायकांच्यासुद्धा. एका बाईला भुवया नव्हत्या. मागे लेकीला विचारलं होतं, तर म्हणाली, "बाबा, पोटाचे डॉक्टर इथेच बसतात. जागा कमी आहे ना, सगळे विभाग एकत्र आहेत." असेल. जागेची बोंब सगळीकडेच.

डॉक्टरांनी हात पाहिले. कातडी सोलते का, जळजळ होते का, कप धरता येतो का? मी म्हटलं, "हातांचं सोडा हो, फोन उघडत नाही." त्यांनी मान डोलावली. हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. लावायला मलम दिलं आणि पुढच्या फेरीपासून एक गोळी कमी केली.

"पण चुकवू मात्र नका."

"ताकदीच्या गोळ्यांचं इतकं काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेक टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती. "ताकद महत्त्वाची असते," ते म्हणाले.

मग लेक फाईल घ्यायला म्हणून आत थांबली. मी आणि ही बाहेर. ही भिंतीवरची एकच सूचना वाचत राहिली. मीही वाचली. जिन्याजवळ गर्दी करू नये, एवढंच होतं तिच्यात.

१५ मार्च

आज फोन तीनचारदा उघडला! काही न करता.

हा सगळ्यांत वाईट प्रकार. कायम बंद असलेली लिफ्ट परवडली, पण मनात येईल तेव्हा चालणारी आणि मनात येईल तेव्हा अडणारी नको. एका इमारतीत अशीच एक होती, फक्त दुपारी अडकायची. सगळे हात टेकून बसले होते. मी जिन्यात बसून राहिलो आणि बघत राहिलो की दुपारी असं काय बदलतं. वरच्या झरोक्यातून लिफ्टच्या विजेच्या पेटीवर ऊन यायचं, ती तापली की लिफ्ट अडायची. एक पत्रा आडवा लावला, संपलं.

तेव्हा प्रश्न असा, माझ्या हातांच्या बाबतीत काय बदलतं? साबण, मलम, गोळ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर काही कळत नाही.

२२ मार्च

नवी फेरी सुरू झाल्यापासून फोन पुन्हा मुका. साबण सोडून नुसत्या पाण्यानं हात धुतोय. फरक नाही.

२९ मार्च

मलम बंद केलं. फरक नाही, उलट आग वाढली. शर्टाची बटणं हिनं लावून दिली. लेक आली होती, म्हणाली, "बाबा, त्या फोनचा नाद सोडा ना. मी दुसरा आणते, तोंड बघून उघडणारा." मी म्हटलं, उद्या तोंडही ओळखलं नाही तर? ती चहा अर्धा टाकून गेली.

५ एप्रिल

सुट्टीचा आठवडा संपतोय आणि फोन पुन्हा अधूनमधून उघडतोय. साबण तोच, मलम नाही. राहिल्या गोळ्या. म्हणजे गोळ्याच.

खात्री करायची तर एकच मार्ग, त्या काढून बघायच्या. लेकीला विचारलं तर 'बाबा, उगाच डोकं चालवू नका' हे ठरलेलं. हिला विचारलं तर ती लेकीला विचारणार. डॉक्टरांनीच एक गोळी कमी केली, म्हणजे त्या काही फार मोलाच्या नसणार. ताकदच कमी मिळेल ना? त्या घेऊन कुठे डोंगर चढतोय मी! महिनाभर बंद ठेवतो, खात्री झाली की स्वतःच सांगतो.

६ एप्रिल

जमलं. हिनं वाटी आणली, मी तोंडाशी हात नेला, पाणी प्यायलो, हात खिशात. मग संडासात टाकून पाणी सोडलं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्याशी खोटं बोलायचं म्हणजे जिवावर आलं, पण तोंडानं खोटं असं काही बोललोच नाही.

१६ एप्रिल

आज मी मागून वाढून घेतलं. जेवणाला वास आहे, चव आहे! किती दिवसांनी. ही ताटाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, मग परत ताटाकडे. "आणखी वाढू?" म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वाढलंच.

संध्याकाळी लेकीला फोन लावला हिनं. बाल्कनीत जाऊन बोलत होती तरी मला ऐकू येत होतं. "लागू पडतंय गं. अगं, स्वतःहून मागितलं त्यांनी." पलीकडून लेक काय म्हणाली ते कळलं नाही, पण ही हसली. मोठ्यानं. या घरात शेवटचं कोण कधी असं हसलं होतं ते आठवायला लागेल.

सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण इतक्या दिवसांनी हसणाऱ्या माणसाला कशाला मध्येच अडवा. सांगू की सावकाश.

२४ एप्रिल

डॉक्टर खूश. हात बरे झालेत, वजन वाढलंय. "गोळी कमी केल्याचा उपयोग झाला," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, तुमची एक कमी, माझ्या सगळ्या कमी. लेकीनं बाहेर आल्यावर भर रस्त्यात माझ्या दंडाला मिठी मारली. एवढी मोठी बाई, शाळेत पोरांना शिकवते, आणि लोकांसमोर हे असं. मी ओरडलो तिला, पण बरं वाटलं. पुढच्या महिन्यात एक मोठी तपासणी आहे म्हणे, यंत्रात झोपवून आतले फोटो काढतात.

२ मे

उघडला!

पहिल्या स्पर्शाला. मग बंद केला, पुन्हा उघडला. अंगठ्यानं, तर्जनीनं, डाव्या हाताच्या अंगठ्यानंसुद्धा. भिंग घेऊन खिडकीत बसलो आणि अंगठा पाहिला. रेषा परत आल्यात. बारीक, गोल गोल, मधे एक भोवरा. इतकी वर्षं हे बोट वापरलं, पण कधी बघितलं नव्हतं.

दोष सापडला. तोही कुणाच्या मदतीशिवाय, सगळ्यांनी वेड्यात काढलं असताना. आता तपासणीचा कागद चांगला आला की तेव्हाच दोघींना सांगणार. म्हणजे रागावताही यायचं नाही त्यांना. तोपर्यंत गोळ्या घेण्यात अर्थ नाही, उगाच हात पुन्हा बिघडायचे. दुसरी फेरीही संडासात चालली आहे.

ही नव्या पडद्यांचं कापड घेऊन आली. मोठी पिवळी फुलं आहेत. मी नावं ठेवली, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती, स्टुलावर चढून मापं घेत होती.

१२ मे

तपासणी झाली. यंत्राचा आवाज फार. आतलं बेअरिंग बघायला हवं कुणीतरी.

१५ मे

जमेल तसं लिहितो.

लेक दुपारीच आली, शाळा सोडून. मला म्हणाली, "कागद उद्या मिळतील." आणि स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं. मी पेपर वाचत होतो. आधी नुसती कुजबुज, मग ही म्हणाली, "पण मग हात कसे बरे झाले? जेवण कसं वाढलं?" लेक म्हणाली, "माहीत नाही गं आई. औषध लागूच पडलं नाही. एवढ्या गोळ्या सोसल्या त्यांनी आणि काही उपयोग नाही." आणि रडायला लागली. मोठी झाल्यापासून तिला असं रडताना ऐकलं नव्हतं.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला वाटलं, अरेरे, या दोघी उगाच जिवाला लावून घेतायत, आणि याचं उत्तर तर माझ्याकडे आहे. मी उठलो. फोन हातात घेतला. दार ढकललं आणि हसत म्हणालो, "लागू कसं पडेल? मी घेतल्याच नाहीत."



मी समजावून सांगितलं. साबण, मलम, सुट्टीचा आठवडा, सगळं क्रमानं. "गोळ्यांचा काही दोष नाही, त्या पोटात गेल्याच नाहीत," म्हटलं. आणि फोन पुढे धरून अंगठा लावला. उघडला, पहिल्या स्पर्शाला. मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडेल.

"कधीपासून?" हिनं विचारलं.

"गेल्या महिन्याच्या सुरुवातीपासून."

लेक ओट्याला टेकून होती, ती तशीच घसरत खाली फरशीवर बसली. हिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, पालथा घालून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "सांग त्यांना. मी सांगू नको म्हटलं होतं, आता मीच म्हणते, सांग."

लेकीनं सांगितलं. गाठ साधी नव्हती. त्या गोळ्या कशाच्या होत्या तेही सांगितलं. तो शब्द मला इथे लिहवत नाही.

१७ मे

काल दिवसभर कुणाशी बोललो नाही. खूप राग आला होता. माझं शरीर, माझी गाठ, आणि सगळ्यांना ठाऊक, मोबाईलवाल्याला संशय, फक्त मला पत्ता नाही. मला सांगितलं असतं तर मी त्या गोळ्या दगडासारख्या असत्या तरी गिळल्या असत्या. हात सोलून निघाले असते तरी चाललं असतं. आकडे टाकून उघडला असता फोन.

आज सकाळी ही चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आत यायला घाबरत होती. माझ्या घरात माझी बायको मला घाबरत होती. म्हटलं, ये.

"तुम्ही खचाल असं वाटलं हो," म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी तुम्ही झोपेत दचकायचात. म्हटलं, कळलं तर जेवणसुद्धा सोडतील. मला वाटलं, मी सांभाळते, बरे झाले की हसत सांगू."

मीही हसतच सांगणार होतो.

आमच्या कामात एक नियम होता. लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस उतरला असेल तर वरच्यानं त्याला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि खालच्यानंही वर सांगितल्याशिवाय तार सोडायची नाही. दोघांपैकी एक जरी बोलला तरी माणूस वाचतो. आम्ही दोघंही गप्प राहिलो, तेही एकमेकांच्या काळजीनं. राग कुणावर काढायचा तेच कळेनासं झालंय.

आणि खरं सांगायचं तर मला कळत नव्हतं असंही छातीठोक म्हणवत नाही. त्या टोप्या मी पाहिल्या होत्या. नळाखाली भांडं नव्हतं तेही पाहिलं होतं. फोनमधला दोष शोधणं सोपं होतं, म्हणून तो शोधत बसलो असेन.

मला मरणाची भीती वाटते. इथे लिहितो, कारण बोललो तर ही मोडून पडेल.

२२ मे

आज डॉक्टर. पहिल्यांदाच माझ्यासमोर सगळं बोलले. आता ते यकृतापर्यंत गेलं आहे. त्याच गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, जोडीला सलाईनमधून आणखी एक औषध. बरं होणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तो शब्द वापरला नाही. 'काही काळ' म्हणाले.

मग मी दोघींना बाहेर पाठवलं. फाईल घ्यायला म्हणून. आणि विचारलं, "घेतल्या असत्या तर?"

त्यांनी चष्मा काढला. "नक्की सांगता येत नाही. कदाचित थांबलं असतं. बऱ्याच जणांचं थांबतं."

मी म्हटलं, "माझ्या बायकोला असं सांगा की घेतल्या असत्या तरी हेच झालं असतं. नक्की झालं असतं, असंच सांगा."

"तुमच्याशी खोटं बोललं गेलं त्याचं काय झालं, ते पाहिलंत ना?" ते म्हणाले.

"पाहिलं. तरी सांगा."

दोघींना आत बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं, चांगलं सांगितलं, हिच्या डोळ्यांत बघून. लेकीनं ऐकलं आणि मान खाली घातली. ही शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि पदर सावरत उठली. वाटेत रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता. मला वाटलं, पटलं तिला. तेवढं तरी जमलं.

घरी आल्यावर जेवलो, बळेबळेच. मग ती गोळ्या घेऊन आली, या वेळी पाकिटासकट. एकेक माझ्यासमोर फोडली, तळहातावर ठेवली. मी गिळल्या, पाणी प्यायलो, भांडं तिच्यापुढे धरलं.

तिनं ते घेतलं नाही. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आ करा," म्हणाली.

मी आ केला. तिनं जीभ उचलायला लावली, गालांच्या आत बोट फिरवून बघितलं, दोन्ही बाजूंना. मग माझे दोन्ही खिसे चाचपले. डॉक्टरांच्या बोलण्यातलं एक अक्षरही तिला पटलेलं नाही.